भगदाडावरचा मांडव आणि शरयूताई

शरयूताई गुल्हाने यांच्याशी माझा पहिला परिचय वादावादीतून झाला. गौरवग्रंथात असं लिहावं की नाही, यावर मी बराच विचार केला. पण संपादक मंडळाने पहिल्या परिचयापासूनच सुरुवात करा म्हणून बजावलं आहे, आणि तो परिचय तसाच झाला, त्याला माझा इलाज नाही.

वर्ध्यात हवामानबदलावर एक कार्यशाळा होती. मी तेव्हा इथल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवत होतो. स्वभाव मुळातच काळजीखोर, त्यामुळे कार्यक्रम वेळेत आटोपण्याची जबाबदारी नेहमी माझ्याच गळ्यात पडायची. बाहेरगावचे वक्ते फार छान बोलले. श्रीमंत देश विकसनशील देशांना हवामानासाठी निधी देणार आहेत आणि तो पार आपल्या गावांपर्यंत येणार आहे, असं त्यांनी सांगितलं. टाळ्याही झाल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि त्यांनी विचारलं, हे पैसे देणार आहेत की उसने देणार आहेत? वक्त्यांनी उत्तरादाखल बरंच काही सांगितलं, पण या दोन्हींपैकी काय ते सांगितलं नाही. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. जेवणाची वेळ टळत होती म्हणून मी त्यांना बसण्याची विनंती केली. त्यावर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमी घड्याळ पाहून राह्यले, मी उत्तराची वाट पाहून राह्यली."

सभागृह हसलं आणि मला राग आला. दुपारच्या चहाला त्याच बाई दोन कप घेऊन माझ्याकडे आल्या. एक कप माझ्या हातात देत म्हणाल्या की वक्त्यांचा दोष नाही, हा प्रश्न मी पुष्कळ देशांत विचारला आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याच वेळी चहाची सुटी होते. माझा राग तिथेच उतरला. त्यानंतर ताई मला पुष्कळदा रागावल्या, मी मात्र त्यांच्यावर परत कधी रागावू शकलो नाही.

त्या कोण, हे मला नंतर कळलं. देवळीच्या बाजारात सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं, दुकान असलेल्या गुल्हाने कुटुंबातल्या त्या धाकट्या. अर्थशास्त्र शिकायला आधी नागपूर, मग दिल्ली, तिथेच अध्यापन, आणि पुढे कितीतरी वर्षं आंतरराष्ट्रीय हवामान परिषदांमध्ये विकसनशील देशांच्या गटाच्या सल्लागार. देवळीत त्यांच्याविषयी चौकशी केली तर जुनी माणसं आजही सांगतात, "ढेपवाल्याची शरयू, ते बाहेरदेशी भांडाले जाते ते." आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचं इतकं नेमकं वर्णन मी इतरत्र ऐकलेलं नाही.

ज्यांना हा विषय परका आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ज्या देशांनी पिढ्यान् पिढ्या कोळसा आणि तेल जाळून आपली भरभराट करून घेतली, त्यांच्या धुराची झळ आता ज्यांनी फारसं काही जाळलं नाही त्यांना बसते आहे. म्हणून जाळणाऱ्यांनी पैसा द्यावा, असं जगाने कागदावर मान्य केलं. कागदावरून तो खाली उतरताना मात्र त्याचं रूप पालटतं. पुष्कळसा पैसा कर्ज म्हणून येतो. जुनीच मदत नवं नाव लावून मोजली जाते. वीजप्रकल्पांना तो मिळतो, कारण तिथून परतावा येतो. पावसाच्या तडाख्यातून गाव वाचवायच्या कामांना मिळायला मारामार, कारण वाचलेलं गाव कुणाला व्याज देत नाही. ताई हे आपल्या पद्धतीने समजावत. शेजाऱ्याच्या चुलीतली ठिणगी उडून आपला गोठा पेटला, तर शेजारी बादली घेऊन धावतो. बादली उसनी देऊन संध्याकाळी परत मागायला येणारा शेजारी आपल्या जिल्ह्यात तरी मी पाहिला नाही, असं त्या म्हणत.

परिषदांमधल्या दिवसांविषयी ताई फार बोलत नाहीत. एक प्रसंग मात्र त्यांनी मला दोनतीनदा सांगितला आहे. श्रीमंत देशांनी पैसे 'द्यावेत' की 'देण्याचा प्रयत्न करावा', यावर ती परिषद अडून बसली होती. तिथलं खाणं परवडत नाही म्हणून ताई घरून मुरमुरे आणि फुटाणे घेऊन जात. मागच्या खुर्चीवर बसून त्या फुटाणे खात असताना एका लहानशा बेटावरच्या प्रतिनिधी बाई शेजारी येऊन बसल्या. ताईंनी पिशवी त्यांच्यापुढे धरली. खाता खाता त्यांनी विचारलं, तुमच्या गावाजवळ समुद्र नाही म्हणता, मग तुम्हाला कशाची भीती? ताईंनी सांगितलं की आमच्याकडे महिनाभराचा पाऊस आता एका दुपारी येतो. त्या बाईंनी ताईंचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी 'प्रयत्न करावा' हेच ठरलं. पुढच्या परिषदेत त्या बाई दिसल्या नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांना पाठवण्याइतके पैसे त्यांच्या देशाकडे राहिले नव्हते. हे सांगताना ताईंचा आवाज आजही बदलतो.

पुढे ताईंनी दिल्ली सोडली आणि त्या वर्ध्याला परत आल्या. वरचा पैसा आपणहून खाली येत नसेल तर खालून जाऊन त्याला धरून आणावं लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. आर्वी रोडवर दोन खोल्या भाड्याने घेऊन त्यांनी अभ्यासकेंद्र सुरू केलं. गावांच्या वतीने आंतरराष्ट्रीय निधीकडे प्रस्ताव तयार करायचे, पाठपुरावा करायचा आणि काम झाल्यावर ते टिकतं का हे पाहायचं, एवढंच केंद्राचं काम. निवृत्तीनंतर नकाशे काढून देण्यासाठी मी तिथे जाऊ लागलो आणि तिथलाच झालो. चहा मिळेल, मानधन मिळणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चहाही बिनसाखरेचा निघाला.

ताईंच्या कामाची एक रीत इथे सांगितलीच पाहिजे. कुठल्याही गावातली त्यांची पहिली बैठक 'तुम्हाला काय पाहिजे' यावर होत नसे. 'तुमचं काय मोडलं' यावर होई. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडे याहून अवघड प्रश्न नाही. घराचं आढं मोडून पडलं असलं तरी 'कसं काय' विचारल्यावर माणूस 'मजेत' म्हणतो. आंजी गावच्या पहिल्या बैठकीत असंच झालं. ताईंनी काय मोडलं विचारलं आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कुणीतरी म्हणालं की आमच्याकडे सगळं बरं आहे. मग ताईंनी स्वतःच्या घरचं सांगितलं. त्यांच्या लहानपणी दुकानाच्या गोदामात पाणी शिरून ढेप सडली होती आणि त्या वासाने पेठेतली माणसं नाकाला रुमाल लावून जात. वडील लाजेने कितीतरी दिवस दुकानाच्या पुढच्या दाराने आत गेले नाहीत. हे ऐकल्यावर एक म्हातारे गृहस्थ उठले आणि खचलेल्या विहिरीविषयी बोलू लागले. मग बैठक संपता संपेना.

आणि तरी ताईंना स्वतःलाच या रीतीचा मनातून राग येई. त्या म्हणत, आपण किती नाडलेले आहोत हे आधी सिद्ध करायचं, आणि मग दिलेला पैसा चोख सांभाळण्याइतके आपण सुस्थितीत आहोत हेही सिद्ध करायचं. ही दोन्ही सोंगं एकाच माणसाने एकाच दिवशी कशी वठवायची? या प्रश्नावरही, माझा अंदाज आहे, जगभर चहाची सुटी होत असावी.

ताईंच्या मायेविषयी लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून एकच लिहितो. माझ्या पत्नीचं नागपूरला मोठं ऑपरेशन झालं तेव्हा मी नोकरीत होतो आणि माझी रजा केव्हाच संपली होती. ताईंनी प्राचार्यांना परस्पर भेटून माझे तास स्वतःकडे घेतले. मोठमोठ्या परिषदांत बोललेल्या या बाईंनी प्रथम वर्षाच्या मुलांना नकाशातल्या सारखी उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा शिकवल्या, त्याही उकडलेल्या बटाट्याला दोरे गुंडाळून. मी परत आलो तेव्हा मुलांनी तक्रार केली की नवीन मॅडम उत्तर देत नाहीत, उलट आम्हालाच प्रश्न विचारतात. मी आभार मानायला गेलो तर ताईंनी मला मध्येच थांबवलं आणि तुमच्या वर्गाला नकाशा वाचता येत नाही म्हणून सुनावलं. त्या मला रागावल्या याचं त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी पत्नीलाही ते सांगितलं.

आता ज्या गोष्टीने सध्या आम्हा सगळ्यांची झोप उडवली आहे, तिच्याविषयी. गौरवग्रंथात चालू काळज्या घालू नयेत असा संकेत असेल. पण ताईंविषयी लिहायचं आणि ही गोष्ट गाळायची, हे मला जमणार नाही.

रोहण्याच्या बाजूला एक गाव आहे. त्याचं नाव लिहू नका, असं ताईंनी बजावलं आहे. निधीच्या पहिल्या टप्प्यातून त्या गावच्या नाल्यावर बंधारा झाला आणि विहिरींना पाणी आलं. नंतरच्या एका पावसाळ्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि बंधाऱ्याची डावी बाजू फुटली. त्या भगदाडाच्या समोरच खालची वस्ती आहे. आता मोठा पाऊस आला तर नाला आधी त्या घरांत शिरणार. दुसऱ्या टप्प्यात हे भगदाड पक्कं बांधायचं आणि आजूबाजूच्या गावांतही तशीच मजबूत कामं करायची, असा प्रस्ताव ताईंनी निधीकडे दिला होता. अनुदान मिळण्याची आशा होती. त्यासाठी निधीचं मूल्यमापन पथक होळीनंतर गाव पाहायला येणार होतं.

त्या गावच्या सरपंच प्रमिलाबाई. हिंमतीच्या आणि कामाला वाघ. ताईंनी त्यांना फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं होतं की काही झाकायचं नाही, मोडलं आहे तसं दाखवायचं. प्रमिलाबाई म्हणाल्या होत्या की काही काळजी करू नका. मला मात्र तेव्हापासूनच काळजी लागली होती.

आम्ही नागपूरहून पाहुण्यांना घेऊन गावात पोचलो. रस्ता झाडलेला, सडा टाकलेला, रांगोळी थेट नाल्यापर्यंत. घरांना नवा रंग. आणि ऐन उन्हाळ्यात बंधारा काठोकाठ भरलेला. विहिरींवरचे मोटारपंप रात्रंदिवस चालवून गावाने आपलंच प्यायचं पाणी नाल्यात आणून ओतलं होतं, कारण पाहुण्यांना कोरडा नाला दाखवणं बरं दिसत नाही. भगदाड कुठे दिसेना. मग माझ्या लक्षात आलं की मोठा मांडव नेमका त्यावरच घातला आहे. भगदाडात रेतीची पोती रचून वर फळ्या टाकल्या होत्या, फळ्यांवर लाल गालिचा होता, आणि गालिच्यावर मांडलेल्या खुर्च्यांत आमचे मूल्यमापन करणारे पाहुणे पुरणाच्या पोळ्या आणि पाटवडीचा रस्सा खात बसले होते.

मी ताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. पण समोर गावच्या बाया आग्रहाने वाढत होत्या, आणि त्यांच्यादेखत तो गालिचा उचलणं ताईंना शक्य झालं नाही. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी पथकाच्या प्रमुख बाईंना स्पष्ट सांगितलं की तुम्ही बसला होतात त्याच्याच खाली बंधारा फुटलेला आहे. त्या बाई हसल्या. त्यांना वाटलं, ही इथली नम्रता. त्यांनी ताईंचा हात दाबला आणि म्हणाल्या की इतकं समाधानी गाव मी या दौऱ्यात दुसरं पाहिलं नाही.

अहवाल आला तो अर्थातच कौतुकाचा होता. हे गाव संकटातून सावरलं आहे, स्वतःच्या पायावर उभं आहे, त्यामुळे इथे अनुदानाची गरज उरलेली नाही. दुसऱ्या टप्प्यासाठी सवलतीचं कर्ज देण्यात यावं, आणि ते केवळ याच गावाला नव्हे तर आजूबाजूच्या सगळ्या गावांना. कौतुकाने इतकं नुकसान झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

गावात बैठक झाली. ताई रागावल्या की त्यांची पुस्तकी मराठी सुटते आणि त्या वऱ्हाडीवर येतात, म्हणून मी जाताना मनाची तयारी केली होती. पण ताईंच्या आधी प्रमिलाबाईच बोलल्या, "ताई, पाहुण्याले फाटकं दाखवाचं असते का? पोरगी पाहाले येतात तवा आपण घराची गळकी बाजू दाखवतो का?" माझ्या घरीही आम्ही तेच केलं असतं. ताई म्हणाल्या, "प्रमिला, ते पोरगी पाहाले नव्हते आले. ते डाक्टर होते. अन् आपण डाक्टरपुढं पावडर लावून बसलो."

कुणी हसलं नाही. मग ताईंनी दोन्ही वाटा नीट समजावून सांगितल्या. कर्ज घेतलं तर पावसाळ्याआधी काम सुरू होईल, पण ते फेडण्याची हमी गावांनी द्यायची, म्हणजे ज्या पावसाला आपण कारण नाही त्याची किंमत आपणच भरायची. खरं सांगितलं तर दिशाभूल केल्याचा ठपका बसून कदाचित काहीच मिळणार नाही, आणि आपल्याबरोबर शेजारच्या गावांचंही बुडेल. शेजारच्या गावांतून आलेल्या मंडळींचा आग्रह कर्ज घेऊन मोकळं होण्याचाच होता, आणि तो मला चुकीचाही वाटला नाही. ताईंनी सांगितलं की मी तुमच्या जागी असते तर खरं सांगितलं असतं, पण त्या नाल्याखाली माझं घर नाही, तेव्हा ठरवायचं तुम्ही. पुष्कळ चर्चेनंतर गावाने खरं सांगायचं ठरवलं. आता ताईंनी ते कसं कळवावं यावर बोलणं सुरू झालं, तेव्हा प्रमिलाबाई उठून उभ्या राहिल्या. "झाकलं आमी, तं सांगू बी आमीच," एवढंच म्हणाल्या.

केंद्राच्या खोलीत संगणकासमोर प्रमिलाबाई बसल्या, शेजारी ताई. पलीकडे पथकाच्या त्याच प्रमुख बाई. प्रमिलाबाई सांगत गेल्या आणि ताई इंग्रजीत त्यांना सांगत गेल्या. "बाई, तुमी बसल्या होत्या त्या गालिच्याखाली बंधारा फुटेल होता. पाणी आमच्या विहिरीचं होतं. तुमाले बरं वाटावं म्हून केलं. आमचं गाव तुमाले दिसलं तसं नाई."

पलीकडून त्या बाईंनी एकच विचारलं, भगदाडाच्या खाली कुणी राहतं का?

"मीच राह्यतो तिथं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

हे इंग्रजीत सांगताना ताईंना मध्येच थांबून पुन्हा सुरुवात करावी लागली. आयुष्यभर परक्या सभागृहांत न डगमगता बोललेल्या ताईंना असं अडखळताना मी प्रथमच पाहिलं, आणि माझेही डोळे भरले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

त्या बाई प्रामाणिक होत्या. अहवाल मी बदलून लिहीन, ठपका येऊ नये म्हणून बोलेन, असं त्यांनी कबूल केलं. पण पुढे त्या जे म्हणाल्या त्याने माझी काळजी दुप्पट झाली. देणाऱ्या देशांनी हात आखडते घेतले आहेत, काहींनी दिलेला शब्द मागे घेतला आहे, निधीच्या मंडळाची बैठक पुढे ढकलली गेली आहे. यापुढे अनुदान म्हणून द्यायला काही उरणार आहे की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे गावाने लाज गिळून खरं सांगितलं, आणि ते ऐकणाऱ्याच्या हातातच काही नाही. अजून उत्तर आलेलं नाही. मी रोज सकाळी केंद्रात गेल्यावर आधी तेच विचारतो, आणि ताई नकारार्थी मान हलवतात.

यातच ताईंच्या पंचाहत्तरीसाठी नेमलेल्या अमृतमहोत्सव समितीने गौरवनिधी जमवला. मीही समितीत आहे. आपल्याकडची पद्धत अशी की सत्कारमूर्तीने तो निधी स्वीकारून एखाद्या चांगल्या कामाला परत द्यावा. ताई तो त्या भगदाडाला देतील असं आम्ही मनाशी धरूनच चाललो होतो. आनंदाने त्यांना सांगायला गेलो, तर त्या उसळल्या. "ज्यायनं मोडलं त्यायनं भरावं. आपण भरलं का ते म्हणतील, पाहा, यायचं यायले जमते. मंग कोणत्याच गावाले कोणी काई देणार नाई."

मुद्दा बिनतोड होता. आयुष्यभर त्यांनी हेच मांडलं होतं, आणि गाव सावरलेलं दिसताच अनुदान गेलं, तो मांडव तरी दुसरं काय सांगत होता? पण मी काळजीखोर माणूस, मी म्हटलं, ताई, मृग जवळ आला. ताईंकडे उत्तर नाही असं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते मला आवडलं नाही. बिनसाखरेचा चहा तसाच ठेवून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही त्या गावाला गेलो. गुडघे दुखत असताना, काठी टेकत, ताई नाल्यात उतरल्या. प्रमिलाबाई आल्या. दोघी भगदाडापाशी उभ्या राहून खालच्या वस्तीकडे पाहत होत्या. एका घरापुढे वाळवण घातलेलं होतं. ताई म्हणाल्या, "भरून घे प्रमिला. पण आपण भरलं म्हून त्यायचं देणं फिटलं नाई, हे गावातल्या लेकरालेही सांगून ठेवजो." प्रमिलाबाईंनी मान डोलावली आणि किती दगड लागेल ते पाहायला पुढे गेल्या. ताई तिथेच एका दगडावर बसल्या. हरलो का हो सर आपण, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी नाही म्हणालो. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं.

हे लिहीत असताना गौरवनिधीच्या पैशातून तिथे दगड पडतो आहे. काम तात्पुरतं आहे. बेताचा पाऊस झाला तर टिकेल, पण आजकाल बेताचा पाऊस होतो कुठे? आणि ज्या गावांच्या शरयूताई नाहीत, ज्यांच्यासाठी कुणी गौरवनिधी जमवला नाही, तिथली भगदाडं कोण भरणार, हा विचार मला सोडत नाही. कुठल्याशा बेटावरच्या त्या बाईंचंही आता काय चाललं असेल, कोण जाणे.

ताई, या ग्रंथातले इतर लेखक तुम्हाला शंभर वर्षं मागतील. मीही मागतो, पण माझ्या मागण्यात आनंदापेक्षा धास्ती जास्त आहे, हे तुमच्यापासून लपवून उपयोग नाही. जगातले मोठे देश नवं वचन देतात तेव्हा त्याची मुदत नेहमी पुढच्या कुठल्यातरी दूरच्या सालाची असते. ते साल ऐकलं की तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या असाल, याचा हिशेब मी मनातल्या मनात सुरू करतो आणि अर्ध्यातच सोडून देतो. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं असताना तुम्ही यंदाच्या परिषदेला जायचं म्हणता, तेही मला कळलं आहे. तुम्हाला अडवणारा मी कोण? पण गुडघ्यांचा व्यायाम चुकवू नका, रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या, आणि निदान दुपारी घटकाभर पाठ टेका. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. जगाने दिलेला शब्द खरा झालेला पाहायला तुम्ही असायला हव्यात. आणि तो खरा झाला नाही, तर मग तुम्ही असायलाच हव्यात.